साहेबाच्या हिरवळीचं मिठागर

"हॅलो?… हॅलो?… हां, मी काळुराम. माजिवड्याच्या बंगल्यावरना. माळी."

कल्याणच्या कचेरीपासून बंगल्यापर्यंत साहेबाची टेलिफोनची तार आली त्याला वर्ष होत आलं, तरी भिंतीवरच्या पेटीपुढे काळुराम हात जोडल्यासारखाच बोले. एका हातात कानाचं नळकांडं, म्हणून दुसरा हात छातीशी धरून. पलीकडे हेडक्लार्क हरिहरपंत होते. ते एकदा सुरू झाले की देवालासुद्धा मधे बोलू देत नसत.

"हां जी… पिवळी पडलीय, खोटा कशाला सांगू?… पानी वरच उभा हाय. तीन दिस. खाली मुरतच नाय… भोका पाडतो ना! चार बाया सकालधरना पहारी घेऊन लागल्यात. वीतवीतभर अंतरानं भोक, भोकात रेती… नाय जी, बिळा नाय! मुळांना वारा लागाया नको?… हां, शनवारी पाव्हने खेळाया येनार. म्हायत हाय, जी."

जमिनीचा दगड का झाला, हे काळुरामला पक्कं ठाऊक होतं. साहेब म्हणाला होता, हिरवळ सपाट पाहिजे, चेंडू नीट उसळला पाहिजे. काळुरामच्या बापजाद्यांनी खाडीकाठी मीठ पिकवलेलं. मिठागराचा तळ ओला करून पायांनी तुडवतात, मग लाकडी ठोकणीनं ठोकतात, म्हणजे पाण्याचा थेंब मुरत नाही. त्यानं महिनाभर हिरवळ तशीच ठोकली. साहेबानं पाठ थोपटली. गडी फुशारला, आणि गवताचा श्वास कोंडला.

"काय?… पंढरीनं?… पंढरीनं पानी जास्त सोडला?… असा म्हनला साहेब?"

पंढरी बंगल्याचा पाणक्या. साहेबानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. काळुरामनं फक्त हो म्हणायचं, की आज पंढरीची कायमची सुट्टी.

आणि नाही म्हणून खरं सांगायचं तर? बंगल्यामागच्या खोलीत काळुरामच्या लेकीला, शालूला, पहाटेपासून कळा येत होत्या. सुईण आवडाबाई तिच्या उशाशी बसली होती. खोली नोकरीची, नोकरी गेली की खोली गेली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काळुराम मधे तारेला बांधलेला!

"ऐका ना, जी… नाय, ठेवत नाय… साहेब बाजूलाच उभा हाय? हां… सांगतो ना… शालूचा आज… हां हां, पंढरी…"

खिडकीतून पंढरी दिसला. कुणी न सांगता तो बायांना रेतीच्या पाट्या भरून देत होता.

"पंढरी नाय! मीच ठोकली हिरवळ. मिठागरावानी… हॅलो?… हॅलो?"

तार मुकी झाली होती. कुणी ऐकलंच नसेल तर? सुटलो, असं काळुरामला वाटून गेलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तेवढ्यात पेटी पुन्हा खणखणली.

"हॅलो?… हां, मीच… मधीच तुटला… कुठवर ऐकलात?… 'हां, पंढरी' इथवर?… लिवला पन?… खोडा, जी! ओरडू नका, आधी खोडा. पंढरी नाय, काळुराम… हां, मीच ठोकली… हां, साहेबाला असाच सांगा… आजच खोली खाली करू? पोरीला कळा येतात, जी, तिला उचलून कुठं नेऊ?… इचारा तरी… एकदा इचारा ना…"

पलीकडे कुजबूज झाली. काळुरामनं डोळे मिटून घेतले. पलीकडून उत्तर येईपर्यंत त्याला ना शालूकडे जाता येत होतं, ना हिरवळीकडे.

"हां जी… दिवेलागणीपर्यंतच राहू?… हां… समजला… नाय, बायांना नका थांबवू. अर्धी हिरवळ राहिलीय. तवर मीबी पहार घेतो… नाय पंत, साहेबासाठी नाय. गवताचा काय गुन्हा?"

आणि नोकरीत पहिल्यांदाच, समोरून 'ठेव' म्हणण्याआधी, काळुरामनं नळकांडं खुंटीला अडकवलं.