खिसा आहे, पण शिवलेला

...आणि वर विचारतात, "अगं पण नाव काय त्याचं?" तुम्हाला सांगते, सासऱ्यांच्या मानेला गाठ आली ते दुःख एकीकडे आणि आमच्या आतेसासूबाईंचा हा प्रश्न एकीकडे! सासरे शिंपी, चाळीस वर्षं मशीनवर मान वाकवून बसलेला माणूस, त्यांना वाटलं मान अवघडली असेल. गाठीचा तुकडा तपासायला गेला, उत्तर आलं लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. आणि फोनवर आतेसासूबाई, "लिम्फोमा हे झालं आडनाव. नाव काय त्याचं?"

गंमत बघा, प्रश्न बरोबर निघाला! डॉक्टरीणबाईच म्हणाल्या की लिम्फोमाचे डझनावारी प्रकार, आणि यांच्या प्रकारात पुन्हा दोन घराणी, एक धावतं, एक रांगतं. धावतं निघालं तर कडक औषधं, आणि त्यांनी बोटांची टोकं बधिर होऊ शकतात.

झालं! आजाराला न घाबरलेला माणूस बोटांना घाबरला. घरी आले ते थेट मशीनवर, हातातलं सगळं काम संपवायचं म्हणून तीन आठवडे नुसती खडखड, जेवायला बोलवावं तर तोंडात टाचण्या! एकदा चहा घेऊन गेले तर डोळे मिटून सुईच्या टोकावर अंगठा दाबून बघत होते. मला पाहून म्हणाले, "टोचतंय गं अजून," आणि हसले. मी चहा ठेवला आणि आत जाऊन उगाच कपाट आवरलं.

तोवर तो तुकडा आणखी एका तपासणीला गेलेला. कसली म्हणाल तर, पेशीतली जनुकं असतात तिथेच असतात, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात, खुणा बसल्या की जनुक असून बंद, आणि या खुणांच्या नक्षीवरून घराणं ओळखता येतं. हे डॉक्टरीणबाई सांगतायत, माझा नवरा नंदीबैलासारखा मान हलवतोय, कळलं शून्य, आणि सासरे शांतपणे म्हणतात, "म्हणजे नवा कोट. खिसा असतो, पण तोंड शिवलेलं. हात जात नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजोबा, हे मी विद्यार्थ्यांना वर्षभर शिकवते."

आणि काय सांगू... सगळे रिपोर्ट जुळवून पाहिले, निघालं रांगतं! इतकं हळू वाढतंय की सध्या औषध नाही, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, बस्स. मी दवाखान्याच्या जिन्यातच रडले, हसले, नवऱ्याच्या शर्टाला नाक पुसलं. आतेसासूबाईंना कळवलं तर म्हणतात, "कॅन्सर आणि औषध नाही? नाव काय त्या डॉक्टरणीचं?"

आता पंचाईत अशी की सासऱ्यांनी काम संपवलंय सगळं आणि बोटं तर शाबूत! मग काय, मिक्सरला कोट शिवला, रिमोटला विजार शिवली, काल बादलीला झालरीचा झगा चढला. फक्त माझ्या नवऱ्याच्या पँटची चेन तेवढी तुटलेली आहे. विचारलं की म्हणतात, "परवा ये."