टेकवलेली झाकणं

लेक: हे बघ, परत तेच. नुसतं बोट लावलं आणि झाकण हातात आलं.

आई: बरंच की. तुझ्या यंत्राविना काम झालं.

लेक: यंत्र नाही गं, उघडणी. घट्ट बसलेली झाकणं उघडायची. वर्षभर हीच तर करत बसलेय. उद्या कारखान्यात साचा करायला घेतील, मग त्यात काडीचाही बदल होणार नाही. म्हटलं, त्याआधी एकदा तुझ्या हातात देऊन बघू. तर तुझ्या घरात एक घट्ट बरणी मिळेना.

आई: बरण्यासुद्धा ऐकतात माझं. तुझ्यासारख्या नाहीत.

लेक: साखर झाली, कॉफी झाली, सगळी झाकणं नुसती टेकवलेली. मिठाचा तर दगड झालाय. लहानपणी झाकण सैल राहिलं की कान पिळायचीस माझा.

आई: कान पिळण्याइतका जोर होता तेव्हा बोटांत.

लेक: म्हणजे?

आई: म्हणजे काय? घट्ट लावलं की मला उघडत नाही. मग शेजारणीचं दार वाजवा. दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदा लाज वाटली. म्हटलं, लावायचंच नाही.

लेक: आणि मला सांगितलं नाहीस? अगं, चाळीस जणींचे हात मोजून आले मी.

आई: हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? लगेच म्हणशील, एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल. इथं या ओट्यापाशी माझं राज्य आहे. तिकडे मी पाहुणी.

लेक: (मधाच्या बरणीचं झाकण आवळते.) घे. आता उघडणीनं उघड.

आई: एवढं घट्ट कशाला... अगं, उघडलं की.

लेक: दुखलं?

आई: नाही. खरंच नाही. आता लावून बघते. हे काय, घसरतंय.

लेक: उलटं फिरवतेयस तू.

आई: लावताना उलटंच फिरवतात ना?

लेक: हो गं. पण आतले दात उघडायच्या बाजूचेच आहेत. चाळीस जणींकडून उघडून घेतलं, आणि पुढचीसाठी बरणी दर वेळी मीच बंद केली.

आई: शहाणीच आहेस. जिला उघडवत नाही, तिला आवळवेल का?

लेक: नाही आलं डोक्यात. थांब, साहेबांना फोन करते. दात दोन्ही बाजूंनी हवेत.

आई: रागावतील?

लेक: आकाशपाताळ एक करतील. करू देत. महिनाभर तरी साचा पुढे गेला.

आई: मग तोवर हा नमुना इथंच राहू दे.

लेक: पण त्यानं बंद नाही होत.

आई: येशील तेव्हा बंद तू करून जा. सगळ्या बरण्या, चांगल्या घट्ट. उघडायचं माझं मी बघते.