पट्टा तुटला

(जळगाव, १९३४. कापसाच्या जिनातली पेढी. मालक माणकचंद शेठ गादीवर बसलेले. दारात झुंबरबाई, जिनात कामाला असलेली.)

शेठ : खोटं बोललीस, एवढंच म्हणतो मी. भाऊ तीन वर्षं सुरतेच्या गिरणीत होता म्हणालीस. धनसिंग होता पुण्याकडे, वेड्यांच्या इस्पितळात.

झुंबरबाई : खरं सांगं असतं, त फाटकमा लेतात का त्याले?

शेठ : नसतं घेतलं.

झुंबरबाई : मंग?

शेठ : काल इंजिनाचा पट्टा तुटला. अख्खं जिन गप्प झालं, आणि हा एकटा मोठमोठ्यानं बोलतोय. मेलेल्या माणसाशी. साठ बायांनी ऐकलं.

झुंबरबाई : कौतिकसंगे बोले तो. आमना धाकला भाऊ, पटकीमा गया. आठे कामले लागी दोन साल व्हयनात, तो रोजच बोलस, शेठजी. यंतरना आवाजमा कोनले आयकू येस? तठे बठ्ठाच तोंड हालावतस. कोन गाणं म्हनस, कोन सासूले शिव्या देस.

शेठ : बाया घाबरल्या आहेत.

झुंबरबाई : परवालोंग त्याना शेजारे बशी भाकर खायेत, तवय नही घाबरन्यात. तवय तो धनसिंगभाऊ व्हता. पट्टा तुटना यंतरना, आनि येडा ठरना मना भाऊ. वडानं तेल वांगावर.

शेठ : कामाला मी नाव ठेवत नाही. कापसातले खडे त्याच्यासारखे कुणी वेचत नाही.

झुंबरबाई : दोन सालमा एक खडा यंतरमा गया नही. त्याना पहिले एक खडा गया, ठिणगी पडनी, अर्धी वखार जयनी. तो खडा सोडनारा शहाणाच व्हता ना? तो निंबा आज तुमना मुकादम शे.

शेठ : जुनं उकरू नकोस. आणि मी त्याला वाऱ्यावर सोडत नाहीये. मेहरूणच्या तलावापलीकडे आमचं पांजरापोळ आहे. भाकड गाई, लंगडे बैल, त्यांना चारापाणी करायचं. कुणी टोचून बोलणार नाही. अगदी शांत जागा.

झुंबरबाई : शांतच नको त्याले, शेठजी. शांतमा एकटा कौतिक नही येस. दुसरा बी बठ्ठा येतस. मर म्हनतस त्याले. यंतरना आवाजमा ते गप ऱ्हातस, फक्त कौतिक बोलस. तो माले सांगस, अक्का, तठेच माले काम करता येस.

शेठ : मी दया करतोय, बाई.

झुंबरबाई : माले म्हाईत शे. तुमनी दया लंगडा बैलले पुरस. मना भाऊना हातपाय धड शेतस.

शेठ : हा माझा शेवटचा शब्द. उद्यापासून पांजरापोळ, नाहीतर घर. तू मात्र कामावर ये. तुझ्याबद्दल तक्रार नाही.

झुंबरबाई : माले येनंच पडी. घरमा दुसरं कोन कमावनार शे आते?

शेठ : आत्ता कुठे आहे तो?

झुंबरबाई : सकायले फाटकमा लिधा नही, तवयपाईन जिनना मांगे. भितले कान लाई बसेल शे.

शेठ : सकाळपासून? लोक काय म्हणतील. थांब, निंबाला सांगून उठवतो.

झुंबरबाई : नका उठाडू. सांजले भोंगा व्हई, यंतर बंद पडी. मंग तो आपला आपलाच उठी.