वहिनींनी घातलेला अंबाडा

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, आज अंबाडा कुणी घातला?”

“मी.”

“थापा नका मारू! रोज मीच घालते ना?”

“तू आंघोळीला गेली होतीस. सहज एक हात वर केला, तर गेला की! मग दुसराही गेला.”

“आणि मला हाक नाही मारली?”

“हाक मारायला गेले आणि हात खाली आले तर? तशीच उभी राहिले बाई!”

“म्हणजे नवं औषध लागू पडलं! थायरॉइडच्या गोळ्या खाऊनही हात वर जाईना, तेव्हा आईने तुम्हाला आळशी ठरवलं होतं.”

“तू काय म्हणाली होतीस?”

“नखरेल. पापण्या जांभळ्या दिसायच्या, मला वाटलं रंग लावता.”

“रंग कसला! डॉक्टर म्हणाले ना, शरीरच माझ्यावर उलटलंय. आधी थायरॉइडवर, मग कातडीवर, मग स्नायूंवर.”

“आणि मी समजत होते, आपल्या घरात उलटून बोलणारी मी एकटीच!”

“हसवू नकोस गं, लोक बघताहेत.”

“बघू देत. पण वहिनी, अंबाडा पार कानावर आलाय. थांबा, नीट करते.”

“खबरदार हात लावलास तर!”