टेनेसीचा एकटा नाच

सेंट लुशियात, कॅस्ट्रीजच्या मिनीबसच्या रांगेत फिलोमेननं कान टवकारले. पुढं एक म्हातारा आणि एक ठसठशीत बाई बोलत होते.

“मॅथ्युरिनराव, लेकीकडे अमेरिकेत, टेनेसीला राहून आलात म्हणे! आपण हॉलवर जोडीनं नाचतो, ती आपली कंट्री गाणी तिथंही वाजतात?”

“वाजतात गं, युडॉक्सी. पण नाचतात रांगेत, एकेकटे! कुणी कुणाच्या कमरेला हात लावत नाही.”

“अगंबाई! भांडणं झाली होती की काय?”

“मलाही तेच वाटलं. गाण्यात बायको सोडून गेलेली, आणि गडी खुशाल एकटाच टाचा आपटतोय!”

“अशानं का बायको परत येईल? लेकीनं तिथंच राहा म्हटलं नाही?”

“म्हटलं. पण या वयात एकट्यानं नाचू? रविवारी हॉलवर येशील ना?”

“येईन. पण मागच्यासारखा माझ्या पायावर पाय दिलात, तर तिथल्या तिथे तुमचं टेनेसी करून टाकीन!”