दोन तास मुका

शेखभाईच्या दुकानात माझं काय झालं ते सांगतो, मग खुशाल हसा.

घरच्या कंप्युटरची हार्ड डिस्क करकर वाजायला लागली होती. तिच्यात पोराच्या लग्नाचं शूटिंग होतं. माझी बायको वारली, तिचा आवाज तेवढा त्या शूटिंगातच उरलाय. म्हणून शिरूर अनंतपाळहून लातूरला शेखभाईकडं गेलो. काय करायचं ते पोरानं त्यांना फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, मी नुसता कंप्युटर पुढं ठेवला.

त्यांनी नवी डिस्क जोडली. "चाचा, ह्यातलं सगळं त्यात जाऊन राहिलंय. दोन तास लागतील. चहा घेणार?"

मी तोंड उघडलं नाही. आमच्याकडं खळ्यावर रास मोजताना कुणी बोलत नाही, बोललं की बरकत जाते. इथं तर माझी सगळी रासच या डब्यातून त्या डब्यात चालली होती.

"गाव कोणतं, चाचा?" मी गप्प.

"तब्येत बरी हाय ना?" मी गप्प.

शेवटी ते शेजारच्या दुकानदाराला हळूच म्हणाले, "मुके हायेत बिचारे." मग माझ्याशी हातवारे करून बोलू लागले. मीही मान हलवत राहिलो.

काम झालं. तपासायला त्यांनी नव्या डिस्कमधलं शूटिंग लावलं. मांडवात बायको माझ्यावर ओरडत होती, "अवं, पाहुणे पंगतीला बसले, वाढायला सांगा की! मूग गिळलेत का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगतो, सांगतो."

शेखभाई खुर्चीवरून उठलेच. "या अल्ला! चाचीनं मुक्याला बोलतं केलं!"