बाळंतिणीच्या खोलीचं दार

माह्यं माहेर मालेगावकडचं, सासर कारंजाचं, दोन्हीकडं वाढईकाम, म्हणून लाकडाचा भुसा माह्या चुलीत बी अन् डोक्यात बी, असं आमचे हे म्हणतात. काय सांगू तुमाले, मी त्यायच्या कामाले हात लावला तो एका दारापायी.

बाजारातल्या जैन सेठानीची लेक पहिल्या बाळंतपणाले येणार होती, ऐन पावसाळ्यात, अन् त्या खोलीचं सागाचं दार पावसाळ्यात असं फुगे का उघडाले दोन गडी लागत, मांगच्या साली सेठानी सोताच आत अडकून बसली होती. ह्यायनं म्हटलं, कडा रंध्यानं तासून देतो. सेठानी म्हणे, अन् फटीतून बाळंतिणीले वारं लागंन त्याचं काय मिस्तरी, फट बी नको अन् अडकणं बी नको, जमत नसंन त दुसरा वाढई पाहातो.

जवसाच्या तेलात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाची ते पिवळी भुकटी, टाकून उकळलं अन् गरम गरम पाजलं का लाकूड पाणी कमी धरते, हे ह्यायले ठाऊक होतं. पण तेल त पह्यलेच पाजलं होतं, मंग दार फुगलं काहून? आमी दोघायनं दार उतरवलं. मले लय अक्कल होती असं नाई, खालचं टोक माह्या हाती होतं म्हणून दिसलं, खालची कड कोरीच, वरची बी कोरीच. कोणाले दिसत नाई म्हणून सारे सोडून देतात, अन् लाकूड पाणी पेते तिथूनच. मी म्हटलं, अंगावर घोंगडं अन् पाय नाल्यात, असं उभं केलं तुमी दाराले. ह्यायनं कोऱ्या कडेवर बोट फिरवलं, म्हणे, मंग ह्या कडा तूच पाज.

वैशाखाच्या उन्हात दार वाळवलं, कड अन् कड तेल पाजलं, ते शिशाचं तेल उकळाले माह्यी वरणाची बटलोई गेली ते परत चुलीवर चढली नाई.

श्रावणात झड लागली अन् पोरीले कळा सुरू झाल्या. हे ओसरीवर, काखेत पटाशी लपवून, दार अडकलं त फोडाले. सुईणीनं एका हातानं ढकललं, उघडलं. लावलं, त कुठंच फट नाई.

चार रोज नाई झाले त बोलावणं आलं, हे घाबरतच गेले. लेक म्हणे, मिस्तरीकाका, दार इतकं हलकं उघडते का सारा मोहल्ला बाळ पाहाले आत येऊन राह्यला, डोळ्याले डोळा लागत नाई, आतून कडी बसवून द्या.

आता साता समुद्रापल्याडच्या लढाईपायी जवसाचं तेल भेटत नाई, गुडघे बी कुरकुरतात, पण ह्यायच्या हरेक दाराची वरची-खालची कड अजून माह्याच हातची. लेकीबाळी सुखानं माहेरी येवोत बावा, अन् त्यायले जराशी झोप भेटो.